वकिलाचे इंग्रजी आणि अशिलाचा कागद

वकिलांच्या इंग्रजीविषयी मी बोलणार आहे असे म्हटल्यावर तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल, की हा विषय वकिलांनी वकिलांपुढे बोलावा. शेतावर राबणाऱ्या माणसाला किंवा शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींना त्याचे काय? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हण जुनी आहे आणि खोटी नाही. पण पायरी चढा वा न चढा, कागद मात्र घरात येतोच. खरेदीखत येते, भाड्याचा करार येतो, कारखान्याचे पत्र येते, भावकीतल्या कुणाची नोटीस येते. त्या कागदावरचा एखादा शब्द तुमच्या घरादारावर बोलत असतो, आणि तो शब्द कोणत्या भाषेत, कुणी, कसा लिहिला यावर पुढची वीस वर्षे अवलंबून असतात. म्हणून विषय तुमचाही आहे.

कल्याणहून कर्जतच्या बाजूला गाडी निघाली, की विठ्ठलवाडी मागे पडते आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने एकामागून एक लागतात. या तीन गावांतले तरुण वकील कल्याणच्या आणि उल्हासनगरच्या न्यायालयांत काळा कोट घालून उभे राहतात. कुणी मराठी शाळेत शिकलेला, कुणाच्या घरी सिंधी, कुणाच्या घरी हिंदी. कायद्याची पुस्तके मात्र बहुतेकांनी इंग्रजीत वाचलेली. अशील बोलतो एका भाषेत, कोर्ट चालते दुसऱ्या भाषेत, आणि निवाडे छापलेले असतात तिसऱ्या भाषेत. जगात इतरत्रही असे वकील आहेत. ब्राझील, पोलंड, जपान अशा देशांतले वकील इंग्रजी ही आपली दुसरी भाषा म्हणून शिकतात, आणि त्यांच्यासाठी लंडनसारख्या शहरांत खास वर्ग चालतात. त्या वर्गांत शेक्सपिअर शिकवत नाहीत. अशिलाला प्रश्न कसे विचारावेत, त्याला सल्ल्याचे पत्र कसे लिहावे, कराराचे एक कलम कसे बांधावे, समोरच्या वकिलाशी बोलणी कशी करावी, हे हाताने करून घेतात. आपल्या उल्हासनगरच्या वकिलाला नेमके हेच शिक्षण हवे आहे. फरक एवढाच, की त्याला कागद इंग्रजीत नेऊन भागत नाही. तो परत मराठीत आणूनही दाखवावा लागतो.

कसे ते सांगतो. महाराष्ट्रात १९९८ च्या जुलैमधील अधिसूचनेने तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी ठरली. पण संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे उच्च न्यायालयाचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते. म्हणजे कल्याणला मराठीत सुरू झालेला दावा अपिलात वर चढत गेला, की वाटेत कुठेतरी त्याला इंग्रजीचा सदरा घालावा लागतो. सदरा मापाचा नसला तर?

आता बदलापूरच्या बाजूचे उदाहरण घ्या. समजा, एक तरुण शेतकरी वकिलाकडे जातो आणि म्हणतो, "साहेब, आजोबा या जमिनीत कूळ होते. आम्ही खंड भरत होतो. वहिवाट आमचीच आहे." तीन छोटी वाक्ये. वकील ती इंग्रजीत उतरवतो. कूळ म्हणजे काय? टेनन्ट. कायद्यातही तोच शब्द आहे, त्यात चूक नाही. पण बदलापूरच्या चाळीत महिन्याचे भाडे देऊन राहणारा, तोही टेनन्टच! मराठीत कूळ आणि भाडेकरू हे दोन वेगळे प्राणी आहेत. इंग्रजीत दोघांना एकाच दावणीला बांधले आहे.

शब्द एक झाला, पण हक्क एक होत नाहीत. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चा. त्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून कायदेशीरपणे जमीन कसत होता, तो काही अटींवर त्या जमिनीचा खरेदीदार मानला गेला. किंमत ठरवायची, हप्ते भरायचे, प्रमाणपत्र घ्यायचे, हे सारे पुढे आले; पण मूळ हक्क त्या तारखेला उभा राहिला. भाडेकरूला असे काही मिळाले नाही. मग आपल्या वकिलाने नुसते टेनन्ट लिहिले, जोडीला सवयीने 'प्रिमायसेस' लिहिले, म्हणजे वास्तू, आणि कोणत्या कायद्याखालचा टेनन्ट हे लिहिलेच नाही, तर तो कागद वाचणाऱ्या तिऱ्हाइताच्या डोळ्यांपुढे शेत उभे राहात नाही, खोली उभी राहते. पुढे कुणीतरी त्याच कागदाचे मराठी करतो आणि आजोबा भाडेकरू होऊन बसतात! कोर्टात हे सावरता येते, सातबारा असतो, फेरफार असतात. पण सावरण्यात तारखा जातात, पैसे जातात, आणि समोरच्या वकिलाला "तुमच्याच कागदात असे लिहिले आहे" असे म्हणायला जागा मिळते.

यावर उपाय म्हणजे इंग्रजी शब्द पाठ करणे नव्हे. 'कूळ' हा शब्द देवनागरी उच्चारासकट तसाच इंग्रजी वाक्यात ठेवावा, आणि त्याच्या पुढे, १९४८ च्या अमुक अधिनियमाखालील टेनन्ट, असे स्पष्ट लिहावे. वहिवाटीचेही तसेच. वहिवाट म्हणजे नुसता ताबा नव्हे. वर्षानुवर्षे कसणे, उपभोगणे, बांध घालणे हे त्यात येते. चांगला लेखक शब्द बदलण्याआधी विचारतो, "वहिवाट म्हणजे तुम्ही काय काय करत होता ते सांगा." नांगरट कोण करी, भात कोण झोडपी, खंडाची पावती कोण देई, बांधावरचे आंबे कोण उतरवी. ही उत्तरे साध्या इंग्रजीत लिहिली, की ती वहिवाट कुठल्याही न्यायमूर्तींना दिसते.

अंबरनाथला जमिनीपेक्षा कारखान्याची भानगड जास्त. तिथला कामगार येऊन एकच वाक्य सांगतो : "मला कामावरून काढलं." या वाक्याला कायद्यात चार दारे आहेत. शिस्तभंगाबद्दल काढले तर बडतर्फी. शिक्षा न करता नोकरी संपवली तर कार्यमुक्ती. माणसे जास्त झाली म्हणून काढले तर कपात. तिच्यात कायद्याच्या अटींप्रमाणे दर पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई येते. आणि तात्पुरते घरी बसवले असेल तर ते काढणे नव्हेच, तो ले-ऑफ. कामगाराला हे ठाऊक असण्याची गरज नाही. ठाऊक असावे वकिलाला, आणि त्याने "काढले" या शब्दाचे इंग्रजी करण्याआधी पत्र मागून वाचावे. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात एक शहाणपणाची तरतूद होती : कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराशी फलकावर लावावेत. कायदा करणाऱ्यांना कळले होते, की न समजणारा नियम हा अर्धाच नियम.

अंबरनाथचे नाव निघाले म्हणून एक जाता जाता सांगतो. तिथल्या शिवमंदिरावर शिलाहारांच्या काळचा कोरीव लेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानाने त्यातला शक आधी ७८२ असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ असल्याचे दाखवले, म्हणजे इसवी सन १०६०. एका आकड्याने मंदिर दोनशे वर्षे पुढेमागे झाले. दगडावरच्या अक्षराची ही कथा, तर झेरॉक्सच्या झेरॉक्सवर उमटलेल्या गट नंबराची काय सांगावी! म्हणून दिवाणी संहितेतच सांगून ठेवले आहे, की कैफियतीत आणि दाव्यात तारखा, रकमा, संख्या आकड्यांत आणि अक्षरांतही लिहाव्यात.

उल्हासनगरची गोष्ट न्यारी आहे. युद्धकाळातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या नगराची कोनशिला बसली. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प एक ते कॅम्प पाच असेच सांगतात. अशा घरातल्या पेटीत आजोबांनी सिंधमध्ये सोडलेल्या मालमत्तेचे कागद उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या लिपीत असू शकतात, इथल्या जागेचे सरकारी दस्त इंग्रजीत, आणि जमिनीची नोंद मराठीत. नातवंडांपैकी पुष्कळांना पहिली लिपी वाचता येत नाही. अशा पेटीपुढे बसलेल्या वकिलाला इंग्रजी उत्तम येऊनही पुरत नाही. जाणत्या माणसाला शेजारी बसवून एकेक कागद वाचून घ्यायचा, त्याची तारीखवार यादी करायची, आणि न कळलेला शब्द अंदाजाने न भरता त्याच्यापुढे खूण करून ठेवायची. ही खूण करण्याची सवय मला फार मोलाची वाटते. अंदाजाने भरलेला शब्द दुसऱ्या दिवशी खरा वाटू लागतो.

याच गावांत घरोघरी चालणारा एक करार म्हणजे 'लिव्ह अँड लायसन्स'. आपण तो शब्द इतका रुळवला आहे, की त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. लिव्ह म्हणजे इथे सुट्टी नव्हे, सोडून जाणेही नव्हे. लिव्ह म्हणजे परवानगी. मालकाने जागा वापरण्याची परवानगी दिली, भाडेहक्क दिला नाही, असा त्याचा आशय. सर्वोच्च न्यायालय अपील दाखल करून घेताना 'लिव्ह ग्रँटेड' असे लिहिते. यंत्राने त्याचे भाषांतर 'सुट्टी मंजूर' असे केल्याची तक्रार न्यायाधीशांनीच जाहीरपणे केली आहे. निवाडे आपल्या भाषांत यावेत म्हणून यंत्र वापरतात हे चांगलेच आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण यंत्रामागे माणूस बसलेला हवा. तसाच शब्द 'कन्सिडरेशन'. शाळेत आपण त्याचा अर्थ विचार असा शिकतो. खरेदीखतात तो मोबदला. आणि 'एक्झिक्यूट' म्हणजे दस्त करून देणे. त्यात फाशीचा काही संबंध नाही. गुरुजनांनी हे तीन शब्द फळ्यावर लिहून पाहावेत, मुलांची करमणूकही होईल.

भाषांतराचा प्रश्न आपल्याकडे किती जुना आहे, याचे मोठे उदाहरण १९०८ सालचे. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तो 'केसरी'तल्या मराठी लेखांबद्दल. खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात, न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. ज्या लेखांवर निकाल द्यायचा ते मूळ मराठीत, आणि ज्यूरीपुढे आली ती इंग्रजी भाषांतरे. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला. भाषांतराबाबत सरकारपक्षाने उभ्या केलेल्या साक्षीदाराची उलटतपासणी त्यांनी घेतली, एकेका मराठी शब्दाला इंग्रजीत कोणता रंग चढवला आहे ते दाखवले, आणि एकवीस तासांहून अधिक भाषण केले. तेही परक्या भाषेत! २२ जुलैला सातांविरुद्ध दोन अशा मतांनी त्यांना दोषी ठरवले गेले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. टिळक हरले म्हणून त्यांची उलटतपासणी वाया गेली असे मला वाटत नाही. भाषांतर हाही पुरावाच आहे, आणि पुराव्याची जशी परीक्षा करतात तशी त्याचीही करावी लागते, हे त्यांनी भर न्यायालयात करून दाखवले. याच टिळकांनी पूर्वी पुण्यात वकिलीच्या परीक्षांसाठी कायद्याचा वर्ग चालवला होता.

इंग्रजी परकी म्हणून तिचा बाऊ करणाऱ्यांना आणखी एक सांगावेसे वाटते. खुद्द इंग्लंडच्या कोर्टांत इंग्रजी पूर्वीपासून नव्हती. तिथे फ्रेंच चाले, नोंदी लॅटिनमध्ये होत. १३६२ मध्ये एक कायदा झाला, की लोकांना फ्रेंच कळत नाही, तेव्हा न्यायालयात बोलणे इंग्रजीत व्हावे. गंमत अशी, की तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिला होता. लॅटिन तर १७३३ पर्यंत टिकली. या खिचडीमुळे इंग्रजी दस्तांत शब्दांच्या जोड्या दिसतात. 'गुड्स अँड चॅटल्स' यातला पहिला शब्द इंग्रजी, दुसरा फ्रेंचमधून आलेला, अर्थ जवळजवळ एकच. आपल्याकडे काय वेगळे आहे? 'कागदपत्र' म्हणताना कागद फारसीकडून येतो आणि पत्र संस्कृतातून. दावा, फिर्याद, वकील, जबाब, हरकत, तारीख हे शब्द फारसी-अरबीतून आलेले. एक अक्षर इंग्रजी न येणारा शेतकरीही कोर्टाविषयी बोलताना निम्मे शब्द परभाषेचे बोलतो आणि त्याला ते आपलेच वाटतात. भाषा अशीच आपली होते, वापरून.

तर हे वापरणे शिकवायचे कसे? आपल्या विधि महाविद्यालयांत २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्यक्ष कामाचे चार विषय आहेत. त्यांत दस्तलेखन आहे, अभिरूप न्यायालय आहे. उल्हासनगरातही विधि महाविद्यालय आहे. पूर्वी एक वर्षाच्या उमेदवारीची सक्ती आणली गेली होती; सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ते नियम रद्द केले. २०११ पासून सनदेनंतरची अखिल भारतीय परीक्षा सुरू झाली. ती मराठीतही देता येते ही स्वागतार्ह गोष्ट. पण ती पर्यायांतून उत्तर निवडण्याची परीक्षा आहे. बरोबर उत्तरावर खूण करता येणे वेगळे आणि रडत आलेल्या बाईची हकीकत दोन पानांत नीट मांडता येणे वेगळे. ते शिक्षण आजही ज्येष्ठ वकिलाच्या टेबलाशीच मिळते, मिळाले तर.

मिळाले तर ते असे असावे. उमेदवाराने अशिलाची हकीकत आधी अशिलाच्याच शब्दांत, त्याच्याच भाषेत लिहून घ्यावी. मध्ये तोडू नये. मग तारखांची यादी करावी. मग साध्या इंग्रजीत, एका परिच्छेदात एकच घटना, असे लिहावे. शेवटी, आणि हा भाग बहुतेक ठिकाणी गाळला जातो, तो इंग्रजी मसुदा हातात धरून अशिलाला मराठीत किंवा सिंधीत वाचून दाखवावा. वाचताना अशील कुठे ना कुठे म्हणतोच, "नाही साहेब, असं नव्हतं झालं." ते वाक्य ऐकण्यासाठीच हा खटाटोप.

तो केला नाही तर काय होते, हे उलटतपासणीत कळते. दिवाणी दाव्यात २००२ पासून साक्षीदाराची सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर घेतली जाते, म्हणजे वकिलाने लिहिलेल्या कागदावर साक्षीदाराची सही असते. तो कागद इंग्रजीत असला, की समोरचा वकील उठतो आणि शांतपणे विचारतो, "बाबा, तुम्हांला इंग्रजी येतं का?" "नाही." "मग यात काय लिहिलंय ते तुम्हांला वाचून कुणी दाखवलं?" म्हातारा आपल्या वकिलाकडे बघतो. कागदाच्या तळाशी 'मजकूर मराठीत समजावून सांगितला' असे छापील वाक्य असते. पण म्हाताऱ्याच्या त्या एका नजरेपुढे ते फिके पडते. खरी हकीकतसुद्धा अशा वेळी संशयात सापडते.

शिक्षक मंडळींना मला एक विनंती करावयाची आहे. भाषांतराच्या तासाला नेहमीच सुविचार आणि निसर्गवर्णने का द्यावीत? एखादी ग्रामपंचायतीची नोटीस द्या, भाड्याची पावती द्या, वीजबिलाच्या मागचा मजकूर द्या. मुलांनी त्याचे इंग्रजी करावे; मग मूळ न दाखवता ते इंग्रजी दुसऱ्या वर्गाला देऊन परत मराठी करून घ्यावे. दोन मराठी मजकूर शेजारी ठेवा. काय सांडले ते मुलेच शोधून काढतील. शब्दासाठी शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे. शाळेच्या कपाटात तो असावा.

आणि श्रोतेहो, तुमच्यापुरते काही. कागदावर सही मागितली, की तो तुमच्या भाषेत वाचून मागा. त्यात वकिलाचा अपमान नाही. घाई आहे असे तो म्हणाला, तर "उद्या येतो" म्हणा. उत्पन्न थोडे असेल त्यांना, आणि स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता, विधि सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो. त्याच्याकडूनही कागद वाचून मागण्याचा हक्क तुम्हांला तितकाच आहे. फौजदारी खटल्यात तुम्ही साक्ष दिलीत आणि ती तुम्हांला न कळणाऱ्या भाषेत लिहिली गेली, तर ती तुमच्या भाषेत समजावून सांगितली पाहिजे, असे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३१३ व्या कलमात आहे. जुन्या संहितेतही ते होतेच. दिवाणी कोर्टात कागद इंग्रजीत दाखल झाला आणि तुम्हांला किंवा तुमच्या वकिलाला इंग्रजी येत नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १३७ व्या कलमाखाली न्यायालयाच्या भाषेतले, म्हणजे मराठीतले भाषांतर मागता येते. ते आपणहून कुणी देत नाही, मागावे लागते. अर्ज अर्ध्या पानाचा असला तरी चालतो, आणि तो मराठीत लिहिता येतो.